ताईचा प्रश्न

३ जून

धाकटीस,

तुझ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात मी आहे, हे मला काल कळलं. म्हणून लिहिते आहे, एरवी लिहिलं नसतं. आई बरी आहे. मायन्यात 'प्रिय' नाही, ते चुकून राहिलेलं नाही.

काल माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. शाळेत तिला सगळे रडूबाई म्हणत, कारण फळा पुसायला सांगितला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आता ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते आणि मुलांना रडवते. तिने पिशवीतून तुझं पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, रागावणार नसाल तर विचारते. ही ताई म्हणजे तुम्ही का?"

तुझी पुस्तकं मी वाचत नाही. येतात तशी आईच्या खोलीतल्या फळीवर ठेवते. आई मागच्या बाजूचा तुझा फोटो बघते, "वाळलीय" म्हणते आणि पुस्तक परत देते. हेही पुस्तक त्याच फळीवर कित्येक वर्षं पडून होतं. रडूबाईला चहा टाकायला आत पाठवलं आणि मी उभ्या उभ्या वाचलं.

काय वाचलं ते थोडक्यात लिहिते, म्हणजे त्यावरून तरी वाद नको. एक थोरली बहीण, एक धाकटी. दोघींना दूरच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळालेला. घरी अधू आई, तिला एकटं सोडता येत नाही. वर्गात 'वचन' हा विषय चालू असताना धाकटी उदाहरण म्हणून थोरलीला म्हणते, 'मी आधी जाते. दोन वर्षांनी परत येऊन आईला मी सांभाळीन, मग तू जा.' थोरली 'ऐकलं' एवढंच म्हणते आणि त्यावर विसंबून घरी राहते. धाकटी परत येत नाही. वचन दिलं गेलं होतं का?

पुढे अकरा पानं. उत्तर, नाही. सरावाच्या वेळी कोणी 'आग, आग' ओरडलं म्हणून आपण पाणी मारत नाही, तसंच वर्गात उदाहरणादाखल उच्चारलेलं वाक्य कोणाला बांधत नाही. थोरलीची चूक ही समजुतीची चूक, धाकटीकडे दोष जात नाही. लिहिलं आहेस छान. एकही वाक्य जास्तीचं नाही. हे मी शिक्षिका म्हणून सांगते आहे.

हा प्रश्न म्हणे वर्षानुवर्षं परीक्षेला येतो. मुलं त्याला नुसतं 'ताई' म्हणतात. "बाई, यंदा ताई येणार का?" असं रडूबाईला विचारतात. ताई कुठे गेलीच नाही तर येईल कुठून, असं मी म्हटलं. ती हसली नाही.

तिने मला ओळखलं ते 'ऐकलं' या शब्दावरून. शाळेत कोणी मुलगी 'उद्या गृहपाठ आणते' म्हणाली की मी तेवढंच म्हणायचे. बाई 'ऐकलं' म्हणाल्या की सुटका नाही, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. ती सवय मला कुठे लागली ते तुला सांगायला नको. पण वाचकाला सांगायला हवं होतं, ते तू सांगितलं नाहीस.

सरांचा गुरुवारचा तास. मागच्या इमारतीतली, खिडकी नीट न मिटणारी खोली, आपण सहा जण, आणि खडूच्या डब्यात खोकल्याच्या गोळ्या ठेवणारे सर. बाकीचे शिक्षक 'समजा, एक माणूस म्हणतो' अशी सुरुवात करायचे. सरांना 'समजा' चालत नसे. उसन्या वाक्यावर सिद्धांतही उसनाच उभा राहतो, असं ते म्हणायचे. वचनावर बोलायचं असेल तर आधी या खोलीतल्या कोणाला तरी खरं वचन द्या. माफीवर बोलायचं असेल तर खरी माफी मागा. ज्याला उद्देशून बोललात त्याने 'ऐकलं' म्हणायचं, मगच ते वाक्य फळ्यावर जायचं आणि त्याची चिरफाड व्हायची. ज्याच्याकडे खरं काही नाही त्याने गप्प बसायचं. सुरुवातीचे कित्येक गुरुवार कोणी तोंड उघडलं नाही. मग त्या जाड चष्मेवाल्याने मागच्या बाकावरच्या मुलीची माफी मागितली. ती 'ऐकलं' म्हणेना. सरांनी तास संपेपर्यंत फळा कोरा ठेवला. हे विसरली असशील असं मला वाटत नाही.

बाबांना अपघातात जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. त्याच अपघातात कंबर मोडून आई अंथरुणाला खिळलेली. कोणी जायचं आणि कोणी राहायचं, यावर आपण दोघी घरात एकमेकींशी बोलायचं टाळत होतो. तू ते तासाला बोललीस. उभी राहिलीस, हातात कागद नव्हता, आणि आवाज फुटत नव्हता म्हणून वाक्य दोनदा सुरू केलंस. मी 'ऐकलं' म्हणाले. सरांनी फळ्यावर लिहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी चिरफाड केली नाही. खडू ठेवला आणि आपल्याला लवकर सोडलं.

हा नियम पुस्तकात आला असता तर अकरा पानं लागली नसती.

नवी आवृत्ती निघते आहे असं कळलं. मला दोनपैकी एक हवं. सरांचा नियम पुस्तकात घाल, नाहीतर माझ्याकडे मोकळीक माग. दिलेल्या शब्दातून ज्याला शब्द दिला तोच मोकळं करू शकतो, हेही आपण त्याच खोलीत शिकलो. मोकळीक देईन की नाही ते तेव्हा बघू. पण मागायची म्हणजे आधी बांधलेली होतीस हे कबूल करणं आलं. म्हणून तर इतकी वर्षं मागितली नाहीस.

ताई
(चौथ्या प्रकरणातली)


२६ जून

धाकटीस,

तुझं उत्तर मिळालं. सख्ख्या बहिणीच्या पत्राला तळटीपा घालणारी तू पहिलीच असशील.

तुझं म्हणणं असं की सरांचा नियम ही शिकवण्याची एक युक्ती होती. खोलीतल्या सगळ्यांना ती युक्ती आहे हे कळत होतं, मलाही कळत असणार. शिवाय इतक्या वर्षांनी आठवणीवर कोणी भरवसा ठेवावा. आणि पाचव्या पानावर, तळटीपेत, सगळ्यांत लहान अक्षरात, 'तुला कोणी धरून ठेवलं नव्हतं.'

एकेक घेते.

सरावाच्या आगीचं उदाहरण तू वापरतेस, तर मी शाळेतली गोष्ट सांगते. आमच्याकडे दर वर्षी सराव व्हायचा. घंटा, रांगा, मैदान, पोरींची खिदळाखिदळ. एका वर्षी ऐन सरावात प्रयोगशाळेचा पडदा खरोखरच पेटला. एक मुलगी दारात येऊन 'आग' म्हणाली. बाकीच्या हसल्या, कारण त्या दिवशी सगळ्याच 'आग' म्हणत होत्या. मी बादली घेऊन धावले. वाक्य सरावाचं की खरं, हे त्या दिवसाचं वेळापत्रक ठरवत नाही. म्हणणारीचा चेहरा बघणारीला ते कळतं. तुझा चेहरा मी बघत होते. तुझे वाचक बघत नव्हते, म्हणून तुझं जमून गेलं.

आठवणीचं म्हणशील तर माझी शाबूत आहे. जाड चष्मेवाल्याला विचारायचं तर तो तुझ्याच गावात असतो असं ऐकते.

तिसरं. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आईने ठरवलं की लिहायचं.

तुझं पत्र वाचून मी उत्तर लिहायला बसले ते तिच्याच खोलीत, कारण तिथे उजेड चांगला येतो. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, कागद फाडशील अशाने, एवढं काय लिहितेस. मी तिला चौथं प्रकरण वाचून दाखवलं, उजव्या कानाशी, मोठ्याने. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे ती अधू आई मी," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"अधू काय. वर्षभरात जिना चढत होते की."

मग तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाली, "वचन होतं का नव्हतं, ते तुमचं तुम्ही बघा. पण सांभाळायचं होतं मला ना? मग त्या खोलीत मला कुणी विचारलं होतं? मी इथे पडलेले आणि तुम्ही दोघी तिकडे फळ्यावर माझी वाटणी करत होतात."

मी म्हटलं, तुला उचलून वर्गात न्यायचं होतं का. तर म्हणाली, घरी येऊन सांगायचं. आणि मग तिने ते दुसरं काढलं. ती काठीने चालायला लागली तेव्हा तिने मला जा म्हटलं होतं. शेजारच्या काकू रात्री सोबतीला येऊन झोपायला तयार होत्या, तेही ठरलं होतं. मी म्हणाले होते, धाकटीने शब्द दिला आहे, ती येईल, मग जाईन. आई म्हणते, मी असं तीनदा म्हटलं. मला एकदा म्हटल्याचं आठवतं.

तुला ही ओळ फार आवडेल. कोणी धरून ठेवलं नव्हतं, बघ, आईच सांगते. तर ऐक. शब्द दिलेला असताना मी कशाला दुसरी सोय बघायची? जो येणार असतो त्याची वाट बघतात. तू येणारच नाहीस असं धरून मी निघाले असते, तर तुला खोटं ठरवून निघाले असते. तेव्हा ते मला जमलं नाही. आता जमतं.

चोवीस तासांची नर्स ठेवून देण्याची तुझी तयारी आहे, असं लिहिलं आहेस. आईला मी ते सांगितलं. "तिला म्हणावं, स्वतःलाच ठेव," म्हणाली.

नियमाबद्दल आणि मोकळिकीबद्दल पाच पानांत एक अक्षर नाही. तुझ्या निरोपाच्या व्याख्यानाचं निमंत्रण मिळालं. आम्ही घरून बघू.

ताई


१८ जुलै

धाकटीस,

बघितलं व्याख्यान. रडूबाईने तिचा फोन आईच्या औषधांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. राखाडी कोट तुला चांगला दिसतो. आई म्हणाली, "वाळलीय."

चाळीस वर्षं एका प्रश्नाला दिल्याबद्दल तुझे सहकारी काय काय बोलले ते सगळं ऐकलं. कोणी म्हणालं, तुझ्या उदाहरणातली माणसं खरी वाटतात. मी त्या वेळी आईच्या पायाला तेल लावत होते.

मग शेवटचा भाग. तू कागद बाजूला ठेवलास, चष्मा काढलास. ती थोरली बहीण खरी आहे असं म्हणालीस. मग कॅमेऱ्याकडे बघून, "ताई, तू ऐकत असशील तर, मला त्या शब्दातून मोकळं कर." लोक उभे राहिले. किती वेळ टाळ्या वाजत होत्या. रडूबाईच्या डोळ्यांतून धारा. ती सुधारलेली नाही.

फोन आईच्या डाव्या, ऐकू न येणाऱ्या कानाच्या बाजूला होता, म्हणून तिला काही कळलं नाही. तिने विचारलं, काय म्हणाली गं. मी म्हटलं, टाळ्या मिळाल्या तिला. मग रडूबाईने तिच्या उजव्या कानात सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मग ताईला फोन करून सांगायचं ना. तेवढ्या लोकांना कशाला बोलवायचं."

तुझी मोकळीक मी देत नाही, कारण ती मागितली गेलेली नाही. चौथं प्रकरण, शेवटून दुसरं पान. व्याख्यानात, श्रोत्यांसमोर, मुद्दा ठसवण्यासाठी उच्चारलेलं वाक्य ज्याचं नाव घेतलं त्याला उद्देशून नसतंच, ते श्रोत्यांसाठी असतं. तुझंच वाक्य आहे. मी फक्त पेन्सिलीने खाली रेघ मारली आहे. तुझं बरोबर असेल तर परवाचं मागणं हे मागणं नव्हे. आणि परवाचं मागणं खरं असेल तर चौथं प्रकरण चूक. दोन्ही हातात ठेवता येणार नाही.

आणि चष्मा काढून इतकं सगळं सांगितलंस, त्यातही सरांचा नियम सांगितला नाहीस. एका मिनिटाचं काम होतं. तो सांगितला असतास तर लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले नसते, बसूनच राहिले असते, हे तुला कळत होतं.

इतकी वर्षं रविवारी तुझा फोन आला की मी तो आईच्या हातात देते आणि स्वयंपाकघरात जाते. या रविवारीही तेच करीन. मधे दार नाही, पडदा आहे. माझ्याशी बोलायचं असेल तर आईला सांग, ती मला हाक मारील. तिथे श्रोते नसतील. आई आहे, पण तिला एका बाजूने ऐकू येत नाही.

ताई


२२ जुलै

धाकटीस,

काल तू आईला मला बोलवायला सांगितलंस आणि टाळ्यांशिवाय मागितलंस. वाक्य दोनदा सुरू केलंस, तेव्हासारखंच. मी 'ऐकलं' म्हणाले. मग 'नाही' म्हणाले. तू फोन ठेवलास. तोंडाने सांगितलं ते कागदावरही असावं म्हणून लिहिते. मोकळीक मागितली गेली, म्हणजे शब्द होता. मोकळीक नाकारली, म्हणजे शब्द अजून आहे. आता तो पाळ.

हे मी रागाने लिहीत नाही. राग केव्हाच वापरून संपला. कारण वेगळं आहे.

रडूबाई पुस्तक घेऊन आली त्याच आठवड्यात मी अर्ज केला होता. त्याच विद्यापीठात, जिथे आपल्या दोघींना प्रवेश मिळाला होता आणि जिथे तू गेलीस. तुझ्या निरोपाच्या व्याख्यानात त्या इमारतीच्या पायऱ्या दिसल्या. मी त्या फक्त माहितीपत्रकात पाहिल्या होत्या. माझी मुलाखत फोनच्या पडद्यावरच झाली. तिघे जण होते, तिघेही माझ्या विद्यार्थिनींपेक्षा लहान. एकाने फार अदबीने विचारलं, या वयात का यावंसं वाटतं. मी सांगितलं, जागा माझी होती, मधे जरा उशीर झाला. तो हसला. मग विषय विचारला. मी म्हटलं, 'उदाहरण म्हणून दिलेला शब्द'. तिघेही एकदम सरळ बसले. तुझं चौथं प्रकरण त्यांना पाठ आहे. त्यावर काय म्हणायचं आहे असं विचारलं. मी म्हटलं, ते चूक आहे, आणि का ते दोन वर्षांत लिहून देते.

प्रवेश मिळाला. वसतिगृहातली खोली मिळाली, तळमजल्याची, माझ्या गुडघ्यांचा विचार करून. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं. न झाल्यास जागा पुढच्याला.

आज सकाळी तू फोनवर दिलेला निरोप आईकडून कळला. दोन महिने येऊ शकतेस, तुझ्या नवऱ्याची अडचण आहे, आवृत्तीचं काम आहे. शब्द दोन वर्षांचा होता. दोन महिन्यांचा नव्हता. आवृत्तीचं काम इथल्या टेबलावरही होईल. तुझ्या नवऱ्याला स्वतःचं जेवण करता येत असावं. इतकी वर्षं भाषेच्या तत्त्वज्ञाबरोबर राहिला आहे, फार गरजा नसतील.

आता सगळ्यांत कठीण ते. तू आली नाहीस तर मी जाणार नाही. आईला दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवून मी जाणार नाही, हे तुला ठाऊक आहे. ते तुला तेव्हाही ठाऊक होतं, आणि सगळं त्यावरच चाललं. मी धमकी देत नाही. माझ्या हातात धमकी नाहीच. तू आली नाहीस तर पहिल्या तारखेला सकाळी मी नेहमीप्रमाणे आईचं पाणी तापवीन आणि प्रश्नपत्रिकेत ताई पुन्हा तशीच येईल.

आईला मी सगळं सांगितलं. या वेळी आधी सांगितलं. ती म्हणाली, "तू जा. ती आली तर बरं, नाही आली तर बघू." मी म्हटलं, नाही आली तर बघू हे चालणार नाही. तर म्हणाली, "तुझं हे असंच. लहानपणापासून."

ताई


३१ ऑगस्ट

चिंगे,

तू हे वाचशील तेव्हा मी स्टेशनवर असेन. ओट्यावर, डब्याखाली ठेवते आहे, कारण डबा उचलल्याशिवाय तुला चहा करता येणार नाही.

लहानपणीच्या नावाने लिहिलं म्हणून गैरसमज नको. तीन दिवस एका घरात राहिल्यावर 'धाकटीस' लिहिणं ओढूनताणून वाटायला लागलं, एवढंच. तू आलीस ते बरं केलंस असं मी म्हणणार नाही. आलीस ते उशिरा आलीस. मोठी बॅग आणलीस, ती बघून मला समजलं की दोन महिन्यांची नाही. त्यावर मी काही बोलले नाही, तेही तुला समजलं असेल.

परवा दुपारी टेबलावर सरांचा नियम चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला लिहून ठेवलेला दिसला. मी वाचला. तिसऱ्या ओळीत 'सहसा' हा शब्द आहे, तो काढ. सर 'सहसा' असं काही करत नसत. बाकीचं प्रकरण आता उभं राहणार नाही, हे तुला दिसतच असेल. ते पाडायचं काम माझं आहे. तू हात लावू नकोस.

शाळेत माझी निवृत्ती झाली तेव्हा मी नव्या मुख्याध्यापिकेला कार्यभार दिला. काय दिलं, काय घेतलं, ते घंटेच्या दोरीपर्यंत लिहून, खाली दोघींच्या सह्या करून. तोंडी काही दिलं घेतलं तर नंतर भांडणं होतात. काल संध्याकाळी तेच केलं. तू हसलीस. आई हसली नाही.

ते लिहून झाल्यावर मी तुला म्हटलं की आता ते वाक्य म्हण. तू मला म्हणायला लागलीस. मी म्हटलं, मला नव्हे, मी ते एकदा ऐकलं आहे. ज्यात आई आहे ते आईला सांग. तू तिच्या पलंगाच्या डाव्या बाजूला बसली होतीस. तिचा हात हातात घेऊन, बऱ्यापैकी नीट म्हणालीस. आई "हो हो" म्हणाली आणि तिने तुझ्या हातावर थोपटलं. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडूबाईला आनंद झाला असता.

मी तुला उठवलं, पलंगाला वळसा घालायला लावला आणि उजव्या बाजूला बसवलं. डावीकडून बोललेलं तिला ऐकू येत नाही, ती फक्त 'हो' म्हणते. तुझ्या रविवारच्या फोनवर ती किती वेळा 'हो' म्हणाली असेल ते तूच आठवून बघ. कधीतरी मी फोन चुकीच्या कानाला लावून दिला असेल. दर वेळी चुकून नसेल.

मग तू परत म्हणालीस. "आई, दोन वर्षं मी इथे राहीन आणि तुला सांभाळीन." आईने बराच वेळ तुझ्याकडे बघितलं. विचारलं, "दोनच?" मग तिने ज्या शब्दासाठी मी तुला उजवीकडे बसवलं होतं तो शब्द म्हटला, मी न शिकवता.

कार्यभार दिल्याची नोंद सोबत आहे. एक प्रत तुझी, एक मी नेते आहे.

*

सुपूर्द केलं ते असं.

आई. चालते वॉकरने, हट्टाने. कोपराला धरलेलं तिला खपत नाही. आपण खांदा पुढे करायचा, हात ती ठेवते. ऐकते उजव्या कानाने. सकाळी पेपरातल्या निधनवार्ता वाचून दाखवायच्या, नावासकट आणि वयासकट. "हा माझ्याहून लहान" असं म्हणते, त्यावर काही बोलायचं नाही. जेवली का विचारलं तर जेवले म्हणते. ताट बघायचं. दुपारी फाटक लावलं का म्हणून दोनदा विचारते. दोन्ही वेळा जाऊन बघायचं, नुसतं हो म्हणून भागत नाही, तिला पावलं मोजता येतात. जिना चढायला मागेल. चढू द्यायचा, मागे एक पायरी उभं राहायचं.

औषधांचा डबा, वरच्या झाकणावर वेळा लिहिलेल्या. पाठदुखीचं तेल, कोमट करून. डॉक्टरीणबाईंचा नंबर फळीच्या आतल्या बाजूला.

घराच्या किल्ल्या, तीन. फाटकाची चौथी हरवलेली आहे, ती मी दिलेली नाही.

तुझी सगळी पुस्तकं, आईच्या खोलीतल्या फळीवर, धूळ पुसून. चौथ्या प्रकरणाचं पुस्तक त्यात नाही. पेन्सिलीच्या रेघांसकट ते मी नेलं.

माझी खोली. पलंग मधे जरा दबलेला आहे. सवय होते.

मोकळीक दिलेली नाही. दोन वर्षांनी शब्द पुरा झाला की ती लागणार नाही.

दिलं : ताई
घेतलं : धाकटी
ऐकलं : आई